डीलरची यादी नकाशावर चढवताना नेमकं कुठे गंडतं

समजा ठिबक सिंचनाचा माल विकणारी एक कंपनी आहे, महाराष्ट्रभर हजारभर डीलर आहेत, आणि साहेबांनी सांगितलंय की कुठल्या तालुक्यात किती विक्री झाली ते मला नकाशावर रंगवून दाखवा. एका बाजूला टॅलीतून नाहीतर ईआरपीतून काढलेली एक्सेल शीट आहे ज्यात डीलरचं नाव, पत्ता, पिनकोड, जीएसटी नंबर आणि वर्षाची विक्री असते, आणि दुसऱ्या बाजूला कुठूनतरी डाउनलोड केलेली तालुक्यांच्या हद्दींची फाइल आहे. आता या दोघांचं लग्न लावायचंय. ऐकायला सोपं वाटतं आणि खरंतर सॉफ्टवेअरमधलं काम दहा मिनिटांचंच आहे, पण नव्वद टक्के लोकांचा नकाशा चुकतो आणि गंमत म्हणजे तो चुकलाय हे कळतही नाही, कारण रंग भरलेला नकाशा कसाही असला तरी खराच वाटतो.

आधी ही हद्दीची फाइल म्हणजे काय ते बघू. कॉम्प्युटरला तालुका वगैरे काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने जुन्नर तालुका म्हणजे अक्षांश रेखांशांची एक लांबलचक यादी, एका बिंदूतून दुसऱ्या बिंदूकडे रेघ मारत मारत परत पहिल्या बिंदूवर यायचं आणि आकार बंद करायचा, बस. याला पॉलिगॉन म्हणतात. किनाऱ्यावरच्या तालुक्याला बेटं असतील तर एकाच नावाखाली चारपाच सुटे पॉलिगॉन असतात, म्हणजे घारापुरी समुद्रात एकटी पडली असली तरी ती रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्याचाच भाग. प्रत्येक आकाराला एक ओळ जोडलेली असते, त्यात तालुक्याचं नाव, जिल्ह्याचं नाव, कोड असं काय काय असतं. म्हणजे नकाशाची फाइल ही पण शेवटी एक टेबलच आहे, फक्त त्यात एक कॉलम जास्तीचा आहे आणि त्या कॉलमात आकडा किंवा शब्द न राहता आकार राहतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. दोन टेबलं जोडायची, एक्सेलमध्ये व्हीलुकअप करतो तसंच.

फाइलचा प्रकार बहुतेक वेळा शेपफाइल नाहीतर जिओजेसन असतो. शेपफाइल हे नाव एकवचनी असलं तरी तो किमान तीन फाइलींचा जुडगा असतो, त्यातली एक जरी मागे राहिली तरी पुढचा माणूस बोंब मारतो, आणि मेलवर फक्त डॉट एसएचपी एक्स्टेन्शनवाली एकच फाइल पाठवणारे लोक अजूनही आहेत. शिवाय हा फॉरमॅट इतका जुना आहे की कॉलमच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात, त्याच्या पुढचं कापलं जातं, आणि देवनागरी नावं असतील तर कधीकधी उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. जमत असेल तर जिओपॅकेज वापरा, एकच फाइल, कटकट कमी.

आता जोडायचं कशावर, खरा घोळ इथे आहे.

पहिला मोह नावावर जोडायचा. डीलरच्या यादीत तालुका लिहिलाय, नकाशात तालुका लिहिलाय, जोडा. पण आपल्या तालुक्यांची नावं बघा जरा. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आणि अहिल्यानगरमध्येही. कळंब धाराशिवला आणि यवतमाळलाही, मालेगाव नाशिकला आणि वाशीमलाही, आष्टी बीडला आणि वर्ध्यालाही. कारंजा तर वाशीमचं कारंजा लाड आणि वर्ध्याचं कारंजा घाडगे, आणि डीलरच्या पत्त्यात नुसतं "मु. पो. कारंजा" लिहिलेलं असतं. नुसत्या तालुक्याच्या नावावर जोडलं की यवतमाळच्या कळंबची विक्री धाराशिवच्या कळंबलाही दिसणार, आणि सॉफ्टवेअर यातलं काहीही बोलणार नाही. म्हणून तालुक्याचं नाव कधीच एकटं वापरायचं नाही, जिल्हा सोबत हवाच.

पण मग जिल्ह्याच्या स्पेलिंगचा तमाशा सुरू होतो. 2011 च्या जनगणनेवरून बनलेल्या फाइली सगळ्यात जास्त फिरतात आणि त्यात इंग्रजी स्पेलिंग जनगणनेचं असतं. बीडमध्ये दोन ई नाहीत, बी आय डी असं आहे. गोंदियात वाय घुसलाय. रायगडचं स्पेलिंग आर एच वर संपतं, म्हणजे छत्तीसगडमध्ये जो रायगढ जिल्हा आहे डिट्टो त्याच्यासारखं, त्यामुळे देशभराची फाइल घेऊन राज्याचा फिल्टर न लावता जोडलं तर अलिबागची विक्री छत्तीसगडमध्येही उगवते. त्यात 2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 ला अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. कंपनीच्या यादीत जुने डीलर जुन्या नावाने, नवे डीलर नव्या नावाने, काही ठिकाणी नुसतं "नगर", काही ठिकाणी "संभाजीनगर" आणि नकाशात तिसरंच काहीतरी. आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे हे विसरू नका.

यावर उपाय म्हणून लोक फझी मॅचिंग लावतात, म्हणजे जवळपास सारखी दिसणारी नावं सॉफ्टवेअरनेच जुळवायची. मला विचाराल तर हे पहिली चाळणी म्हणून ठीक आहे, पण त्याने जे जुळवलंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. महाराष्ट्राचे जिल्हे 36 आहेत हो, एक दुपार बसून हाताने तक्ता बनवला तर काय बिघडतं, डाव्या कॉलमात आपल्या शीटमध्ये सापडणारी सगळी रूपं आणि उजव्या कॉलमात एकच कोड.

कोड म्हटल्यावर, हो, नावापेक्षा कोड केव्हाही बरा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिला सगळे एलजीडी म्हणतात, तिच्यात जिल्हा, तालुका, गाव प्रत्येकाला नंबर दिलेला आहे, आणि गावाचं नाव बदललं म्हणून नंबर बदलत नाही. पण इथेही एक खड्डा आहे. जनगणनेचे कोड वेगळे आणि एलजीडीचे वेगळे, आणि आपल्या जिल्ह्यांचे कोड दोन्हीकडे तीन आकडी, दिसायला अगदी सारखे. 2011 च्या जनगणनेत 497 म्हणजे नंदुरबार. एलजीडीत 497 म्हणजे ठाणे. तुमच्या शीटमध्ये एलजीडीचे कोड आणि नकाशात जनगणनेचे असतील तर ठाण्याचा कोड बिनबोभाट जुळेल, एकही एरर येणार नाही, आणि ठाण्याची सगळी विक्री सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन बसेल. म्हणून कोड जुळले एवढ्यावर खूश न होता, जोडल्यावर दोन्हीकडची नावं शेजारी शेजारी ठेवून दहावीस ओळी वाचून बघायच्या. आणि एक्सेल कोडच्या पुढचं शून्य खाऊन टाकतं, महाराष्ट्राचा जीएसटी स्टेट कोड 27 आहे म्हणून आपल्याला जाणवत नाही पण उत्तर प्रदेशचा 09 आहे, त्याचा नुसता 9 होतो, मग बसा शोधत. कोडचा कॉलम टेक्स्ट म्हणूनच ठेवा.

हद्दींना तारीख असते हे तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. 2011 च्या नकाशात पालघर जिल्हाच नाही, तिथे 35 च जिल्हे आहेत. त्या नकाशावर आजची विक्री टाकली तर पालघर जिल्ह्याचे सगळे डीलर कुठेच न बसता गळून पडतात. उलट बाजूने दहा वर्षांचा ट्रेंड काढला तर 2014 नंतर ठाण्याची विक्री धपकन पडल्यासारखी दिसते आणि बिचाऱ्या एरिया मॅनेजरला जाब विचारला जातो. याचं उत्तर म्हणजे तालुक्यावरून बेरीज करायची. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके पालघरला गेले, ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ हे सात ठाण्यात राहिले. डेटा तालुक्याच्या पातळीवर असेल तर जुन्या वर्षांचा "आजचा ठाणे जिल्हा" आपल्याला मागे जाऊन बनवता येतो. जिल्ह्याच्या पातळीवरच साठवला असेल तर मग नाही येत, कितीही हुशार सॉफ्टवेअर असलं तरी. म्हणून साठवताना लहान तुकड्यात साठवा, मोठं करायला नंतर वेळ लागत नाही.

बरं, बऱ्याच कंपन्यांकडे तालुका स्वच्छ नसतोच, धड असतो तो फक्त पिनकोड, कारण कुरियरला लागतो. पिनकोड आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972 ला आला, आणणारे पोस्टातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलाच माणूस. पण त्यांनी तो टपाल वाटपासाठी बनवला होता, तहसीलदारासाठी नाही. पिनकोडचा भाग म्हणजे एका पोस्टाची डिलिव्हरी जिथपर्यंत जाते तो भाग, त्याचा तालुक्याच्या हद्दीशी संबंध असेलच असं नाही. 40 ते 44 ने सुरू होणारे पिन महाराष्ट्राचे असं आपण धरून चालतो, पण 403 म्हणजे गोवा, त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांवरून राज्य ठरवलं की म्हापशाचा डीलर महाराष्ट्रात जमा होतो.

आणि एक पिनकोड दोन तालुक्यांत पसरलेला असला की खरी मजा येते, यात सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सावकाश सांगतो. तुमच्याकडे पिनकोड आणि तालुका असं एक टेबल आहे, त्यात या पिनच्या दोन ओळी आहेत, एक शिरूरची आणि एक दौंडची. डीलरची एकच ओळ आहे, विक्री 10 लाख. जोडल्यावर काय होतं, तो डीलर दोन्ही ओळींना चिकटतो आणि त्याच्या दोन ओळी होतात, शिरूरला 10 लाख आणि दौंडला 10 लाख. तालुक्याची बेरीज करताना दोन्हीकडे पूर्ण रक्कम जाते, राज्याची बेरीज 10 लाखाने फुगते. असे दोनशे डीलर असले तर कंपनीने जितकं विकलंच नाही तितकं नकाशावर दिसतं, आणि मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही कारण आकडा वाढलाय ना, कमी झाला असता तर विचारलं असतं.

म्हणून जोडायच्या आधी दोन आकडे कागदावर लिहून ठेवायचे, एकूण ओळी आणि एकूण विक्री. जोडल्यावर परत तेच दोन आकडे काढायचे. वाढले तर कुठेतरी डबल झालंय, कमी झाले तर कुणीतरी गळलंय. यासाठी डेटाबेसमध्ये साधा जॉइन न लावता लेफ्ट जॉइन लावा, म्हणजे ज्या डीलरला तालुका मिळाला नाही तो रिकाम्या खान्यासकट यादीत राहतो, गुपचूप गायब होत नाही. मग ती न जुळलेल्यांची यादी वेगळी काढून वाचायची. कंटाळवाणं काम आहे पण खरा शहाणपणा सगळा त्या यादीतच असतो.

दुबार पिनचं मग करायचं काय? काही लोक क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटतात, पिनचा 70 टक्के भाग शिरूरमध्ये म्हणून विक्रीही 70 टक्के शिरूरला. हा हिशोब म्हणजे माळरानावरही गिऱ्हाईक उभं आहे असं धरण्यासारखं झालं. त्यापेक्षा पत्त्यातलं गावाचं नाव बघून ठरवलेलं चांगलं, आणि त्याहून चांगलं म्हणजे डीलरच्या दुकानाचं थेट लोकेशन घ्यायचं.

लोकेशन असेल तर मग नाव, कोड, पिन काहीच लागत नाही. दुकान हा बिंदू, तालुका हा आकार, बिंदू आकाराच्या आत आहे का एवढंच विचारायचं. कॉम्प्युटर हे कसं ठरवतो तेही मस्त आहे, बिंदूपासून एका दिशेला लांब सरळ रेघ मारायची आणि ती हद्दीला किती वेळा छेदते ते मोजायचं, विषम वेळा छेदली तर बिंदू आत, सम वेळा तर बाहेर. कागदावर वाकडातिकडा आकार काढून करून बघा, चुकत नाही. क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्यात "जॉइन अ‍ॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन" म्हणून टूल आहे, डेटाबेसवाल्यांसाठी पोस्टग्रेसवर पोस्टजीआयएस बसवलं की एसटी_कंटेन्स, एसटी_इंटरसेक्ट्स अशी फंक्शन मिळतात. डेटा मोठा असेल तर आकारांच्या कॉलमवर इंडेक्स लावायला विसरू नका, नाहीतर चहा पिऊन आलात तरी क्वेरी चालूच.

मग यात गंडतं काय, तर लोकेशनच. आपल्याकडचे पत्ते "एसटी स्टँडसमोर, मारुती मंदिराच्या मागे" असे असतात, ते पत्त्यावरून लोकेशन काढणाऱ्या सर्व्हिसला दिले की ती घाबरून शहराच्या मधला एक बिंदू देऊन मोकळी होते. परिणाम, तालुक्यातले चाळीस डीलर एकावर एक रचून एकाच ठिकाणी. हे ओळखायचं सोपं आहे, तेच अक्षांश रेखांश परत परत किती वेळा आलेत ते मोजा, पाचदहा डीलर एकाच बिंदूवर दिसले की तो अंदाजपंचे आहे समजा. दशांशानंतर किती आकडे आहेत तेही बघा, चार आकडे असतील तर साधारण 11 मीटरपर्यंतची नेमकी जागा, दोनच असतील तर एक किलोमीटरभर इकडेतिकडे.

दुसरं म्हणजे उलटापालट. पुणे म्हणजे अक्षांश 18.52 आणि रेखांश 73.85. गूगल मॅपवरून कॉपी केलं की आधी अक्षांश येतो, जिओजेसनमध्ये आधी रेखांश लागतो. उलटे टाकले तर पुण्याचा डीलर नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात, बेअर आयलंडच्या जवळ जाऊन पोचतो. आणि लोकेशन रिकामं असताना कुणीतरी शून्य भरलं असेल तर तो आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. नकाशा पूर्ण झूम आउट करून बघायची सवय लावा, समुद्रात डीलर दिसला की कळतं.

समुद्रावरून आठवलं, किनाऱ्यावरचे डीलर खरंच समुद्रात पडतात, आणि त्यात त्यांच्या लोकेशनची चूक नसते. हद्दीची फाइल हलकी करायला लोक आकार सोपे करतात, हजार बिंदूंचे शंभर करतात, मग मालवणचा वळणावळणाचा किनारा सरळ रेघ होतो आणि बंदराजवळचं दुकान रेघेच्या बाहेर. दाखवायला सोपी केलेली फाइल वापरा हवं तर, पण जोडायला मूळचीच वापरा.

अंतरांचं पण एक सांगायचंय. लोकेशन अंशात असतं, किलोमीटरमध्ये नाही. "पुण्याच्या डेपोपासून 5 किलोमीटरमधले डीलर दाखव" म्हणून क्वेरी लिहिली आणि डेटा अंशात असेल तर कॉम्प्युटर 5 अंश समजतो, एक अंश साधारण 105 ते 111 किलोमीटर, म्हणजे हैदराबाद आणि इंदूरचे डीलरही डेपोच्या शेजारी येतात. पोस्टजीआयएसमध्ये जिऑग्राफी टाइप वापरला की मीटरमध्ये उत्तर मिळतं (तिथे 5 नाही, 5000 लिहायचं). नाहीतर डेटा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, पण आपलं राज्य दोन झोनमध्ये पडतं, पुणे नाशिक 43 मध्ये आणि नागपूर 78 रेखांशाच्या पलीकडे म्हणून 44 मध्ये, तेव्हा विदर्भाचं अंतर मोजताना तेवढं बघा.

हे सगळं तांत्रिक झालं, पण धंद्याचा एक प्रश्न यापेक्षा मोठा आहे आणि तो सॉफ्टवेअर विचारत नाही. पत्ता कुणाचा? जीएसटीचं बिल ज्या पत्त्यावर फाटतं तो आणि माल जिथे उतरतो तो, हे वेगळे असतात. मोठ्या डिस्ट्रिब्युटरचं रजिस्टर्ड ऑफिस मुंबईत फोर्टला, गोडाऊन भिवंडीला, माल खपतो बुलढाण्यात. बिल टू वर नकाशा काढलात तर ठिबकचा सगळ्यात मोठा बाजार मुंबई शहर दिसेल, जिथे शेत औषधालाही नाही. शिप टू वर काढलात तर भिवंडी लाल होईल. शेतकरी कुठला आहे ते कळायला तिसराच डेटा लागतो, वॉरंटी कार्ड म्हणा, अनुदानाच्या फाइली म्हणा. तेव्हा साहेबांना आधीच विचारून घ्या की नकाशावरून ठरवायचं काय आहे, ट्रान्सपोर्ट की सेल्समन की जाहिरात, उत्तरावरून पत्ता ठरेल.

रंगांचं थोडक्यात. एकूण विक्री रंगवू नका, प्रमाण रंगवा. गडचिरोली 14,412 चौरस किलोमीटर आहे आणि 2011 ला लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास, मुंबई शहर जिल्हा 157 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या 30 लाखांच्या वर. नकाशावर गडचिरोली अख्खा कोपरा भरतो आणि मुंबई ठिपका पण दिसत नाही, डोळा मात्र मोठ्या आकारालाच महत्त्व देतो. ठिबकसाठी लोकसंख्येनेही भागू नका, बागायती क्षेत्राने भागा. एकूण रक्कमच दाखवायची असेल तर तालुक्याच्या मध्यावर लहानमोठे गोल काढा.

आणि नकाशा कंपनीच्या बाहेर जाणार असेल, ब्रोशरमध्ये, वेबसाइटवर, तर देशाची बाह्य हद्द तपासल्याशिवाय सोडू नका. परदेशी साइटवरच्या फुकट फाइलींमध्ये जम्मू काश्मीर आणि लडाखची हद्द वेगळी काढलेली असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा 1961 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर लॉगिन करून प्रशासकीय हद्दींचा डेटा उतरवता येतो, सरळ तोच घ्या, आणि फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख टाका, कारण पुढच्या वर्षी शीट नवी येईल आणि नकाशा कुठल्या सालचा होता ते कुणालाच आठवणार नाही.